हातचे दोन

बाबा तीन बोटांनी चहाचा मग धरतात.
उजव्या हाताच्या. डावा शाबूत आहे,
पण तो त्यांना कधी कामाचा वाटलाच नाही.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये
टेबलावरच्या करवतीने मेपलची फळी उलटी लाथाडली.
फळी खिडकीतून बाहेर, बर्फात गेली.
हात मात्र ढकलायच्या नादात पुढेच गेला,
पात्यापर्यंत.
त्यानंतरही एकोणतीस वर्षं
केप ब्रेटनच्या किनाऱ्यावरची निम्मी दारं
त्यांनी त्याच करवतीवर कापली.
'तिचं काय चुकलं?' म्हणायचे.
'तिला थोडंच कळतं, लाकूड कुठे संपतं ते.'

मला बेरीज त्यांनीच शिकवली, भुशावर आकडे काढून.
सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक.
'हातचा विसरायचा नाही, मर्डीना,'
आणि वर करायचे
तोच हात.

आज दुकानात अल्फॉन्स म्हणतो,
'बापासारखीच घे. ओतीव लोखंड. जन्माची सोबत.'
मी त्या सोबतीचं वजन करून बघते, मनातल्या मनात,
तेरियो बाईंच्या जिन्यावर.
जिना एवढा चिंचोळा
की नवऱ्याची शवपेटी त्यांनी माडीच्या खिडकीतून दोरांनी उतरवली.
वर चार खोल्या. स्कर्टिंग, दारांच्या पट्ट्या, एक भिंतीतलं कपाट,
आणि अख्ख्या घरात गुण्यात बसणारा कोपरा एकही नाही.
तिथे एकच करवत चढेल. एका हातात मावणारी.

मायटर सॉ मला आवडते, खोटं कशाला बोलू.
चौकटीचे कोपरे ती लोण्यासारखे कापते.
पण आठ फुटी फळी उभी चिरायला सांगितली
की नव्या सुनेसारखी जमिनीकडे बघत बसते.
जिगसॉला वळणांचं वेड, सरळ रेघेचा कंटाळा.

मग खालच्या फळीवर,
रंगाच्या डब्यांआड, एक पेटी.
ॲल्युमिनियमचा लांब रूळ, त्यावरून धावणारी करवत,
पातं कासवाच्या मानेसारखं आत.
दाबलं तर उतरतं. सोडलं की गेलं.
तिरकं कर, पंचेचाळीस अंशांत जातं.
भिंत वाकडी असेल तर रूळही तेवढाच वाकडा ठेव.
मी गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिले
आणि एक साधी गोष्ट कळायला मला चाळिशी लागली:
इथे फळी करवतीकडे जात नाही.
करवत फळीकडे जाते.
फळी शिकंज्यात गप्प पडलेली,
आणि माझे दोन्ही हात पात्याच्या मागे, मुठींवर.

'महाग आहे,' अल्फॉन्स म्हणाला. 'आणि खरं सांग, भितेस की काय?'
'हो,' मी म्हटलं.
तो हसायला निघाला होता,
मग बहुतेक त्याला बाबा आठवले. बिल करू लागला.

घरी बाबांनी पेटी आपणहून उघडली.
वायर कुठे लावलेली नाही ना, आधी तेवढं पाहिलं.
मग तीन बोटांनी मूठ धरली.
दाबली, पातं उतरलं.
सोडली, पातं गेलं.
दाबली. सोडली.
शाळेतलं पोर बॉलपेनाशी करतं तसं,
कितीतरी वेळ.
बाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं.
स्वयंपाकघरात नुसतं टक्, टक्.

मी वाट बघत होते, ते काहीतरी म्हणतील.
तेव्हा हे असतं तर, वगैरे.

त्यांनी किमतीची चिठ्ठी शोधली, वाचली,
आणि उलटी करून परत पेटीत ठेवली.
कडी लावली. पुन्हा ओढून पाहिली.

'बारीक पट्टी कापताना,' ते म्हणाले,
'अंगठ्याने धरू नकोस.
ठोकळ्याने दाब.
ठोकळे मी कापून ठेवलेत, वर, खिळ्यांच्या डब्यामागे.'

डब्यामागे ठोकळे होते.
धूळ बसलेले, कडा रंध्याने मारलेल्या,
प्रत्येकावर पेन्सिलीने माझं नाव,
आणि साल,
मी तेव्हा नऊ वर्षांची होते.